दुखऱ्या स्नायूची बाजू

सिंहगड चढताना दम लागतो, घाम फुटतो, मांड्या जड होतात, आणि आपण समजतो की त्रास आहे तो चढणीचा. उतरताना गप्पा रंगतात, श्वास संथ असतो, कुणाचीच तक्रार नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र घराचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि तिसऱ्या दिवशी मांडी घालून जेवायला बसणं त्याहून अवघड होतं. हे दुखणं चढणीचं नाही, उतरणीचं आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखूड होत होत काम करतो. उतरताना तो आखूड होऊ पाहतो, पण शरीराचं वजन त्याला उलट ताणत नेतं. प्रत्येक पायरीवर तो आपल्याला थोपवून धरतो, आणि थोपवता थोपवता लांबत जातो. श्वासाला हे काम स्वस्त पडतं, तंतूंना महाग.

ते स्वस्त किती पडतं, हे लंडनमध्ये १९५२ साली ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी फार सुंदर प्रयोगातून दाखवलं. त्यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं आणि दुसऱ्याने त्याला विरोध करत पेडल रोखायचं. दोघांचा जोर सारखाच, पण रोखणाऱ्याला लागणारा प्राणवायू पेडल मारणाऱ्यापेक्षा कितीतरी कमी. धिप्पाड पुरुष जीव तोडून पेडल मारतो आहे आणि किरकोळ अंगाची बाई त्याला सहज थोपवते आहे, असं दृश्य त्यांनी जाणकारांपुढे प्रत्यक्ष उभं केलं होतं. ताणला जाणारा स्नायू थोड्या तंतूंवर फार मोठा भार पेलू शकतो. पण जे थोडे तंतू भार पेलतात, त्यांची अंतर्रचना त्यात विस्कटते.

या उशिराच्या दुखण्याचा नीट अभ्यास अमेरिकेत थिओडोर हॉ यांनी केला आणि १९०२ साली प्रसिद्ध केला. काम करतानाचं दुखणं आणि दुसऱ्या दिवशी उगवणारं दुखणं हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि दुसऱ्याचं मूळ स्नायूच्या आतल्या बारीक फाटाफुटीत असावं, असा अंदाज त्यांनी तेव्हाच बांधला. तरीही पुढे कित्येक दशकं आपण सगळे लॅक्टिक ॲसिडला दोष देत राहिलो. आजही जिममध्ये आणि शाळेच्या मैदानावर तेच सांगितलं जातं. खरं तर व्यायामात साठलेलं लॅक्टेट तासाभरात रक्तातून जवळपास निघून जातं, आणि उतरणीवर ते चढणीपेक्षा कमीच तयार होतं. स्वीडनमध्ये १९८०च्या सुमारास काही जणांना जिने धावत उतरायला लावून त्यांच्या पोटरीतल्या स्नायूचा कण सुईने काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला, तेव्हा तंतूंच्या आतल्या सरळ रेषा जागोजाग नागमोडी झालेल्या आणि तुटलेल्या दिसल्या. हॉ यांचा अंदाज बराचसा बरोबर होता.

या पुस्तकाचा विषय हाडांना जोडलेले आणि आपल्या इच्छेने हलणारे स्नायू हा आहे. निरोगी तरुण माणसाच्या वजनातला सुमारे ४० टक्के वाटा त्यांचा असतो. व्यायाम, इजा आणि दाह या तीन गोष्टी आपण मनात वेगळ्या ठेवतो. व्यायाम चांगला, इजा वाईट, दाह तर उघड शत्रू. स्नायूच्या आत मात्र या तिघांच्या वाटा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. मला या प्रस्तावनेत जे सांगायचं आहे ते याच गुंत्याबद्दल. दाह वेळेवर आला आणि वेळेवर गेला तर तो दुरुस्ती करतो. तो आलाच नाही तर दुरुस्ती अडते, आणि आलेला गेलाच नाही तर तो स्नायूलाच खात बसतो. पुढची सगळी प्रकरणं या वेळेच्या हिशेबाभोवती फिरतात.

स्नायूचा एकेक तंतू ही एकच पेशी असते, पण ती काही सेंटिमीटर लांब असू शकते आणि तिच्यात शेकडो, कधी हजारो केंद्रकं असतात. तिच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांवरून सरकतात आणि त्यामुळे स्नायू आखडतो. हे १९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन स्वतंत्र जोड्यांनी मांडलं. दोन्ही जोड्यांत एकेक हक्सली होते आणि त्यांचं एकमेकांशी नातं नव्हतं. पण मला या पुस्तकासाठी त्याहून महत्त्वाची वाटते ती १९६१ सालची गोष्ट. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्झांडर माउरो बेडकाच्या पायातला स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. तंतूचं आवरण आणि त्यावरचा पातळ पापुद्रा यांच्या फटीत त्यांना चपट्या, निवांत पेशी दिसल्या. त्यांना त्यांनी सॅटेलाइट पेशी म्हटलं, आणि स्नायू पुन्हा उगवतो त्यामागे याच असाव्यात अशी शंकाही मांडली. ती खरी ठरायला पुढे अर्धं शतक लागलं. उंदरांमध्ये या पेशी काढून टाकल्या तर इजा झालेला स्नायू पुन्हा तयार होत नाही, तिथे चरबी आणि जून होत जाणारी तंतुमय ऊती उरते, हे २०११ साली एकाहून अधिक प्रयोगशाळांनी दाखवलं.

या झोपलेल्या पेशींना जागं करतं कोण? इथे दाह येतो. समजा, कबड्डीच्या मैदानात मांडीवर गुडघा जोरात बसला आणि मुका मार लागला. काही तंतू फुटतात, त्यांच्यात बाहेरचं कॅल्शियम शिरतं, आतली पाचक द्रव्यं मोकाट सुटतात. काही तासांत रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे येऊन पोचतात. त्या मेलेला भाग साफ करतात आणि जाता जाता थोडं चांगलंही मोडतात. त्यांचं काम दिवस-दोन दिवसांचं. त्यांच्या मागोमाग मॅक्रोफेज येतात. पहिल्या एक-दोन दिवसांतले मॅक्रोफेज आक्रमक असतात. ते तुटलेले तुकडे गिळतात आणि सॅटेलाइट पेशींना संख्येने वाढायला लावतात. मग तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास त्याच मॅक्रोफेजचा स्वभाव पालटतो. कचरा गिळता गिळताच त्या दाह शमवणाऱ्या पेशी होतात, आणि आता त्यांचे संदेश सॅटेलाइट पेशींना वाढ थांबवून एकमेकींशी जुळायला, नवा तंतू घडवायला सांगतात. पॅरिसमधल्या संशोधकांनी २००७ साली उंदरांवर हे उलगडलं. इजेच्या वेळीच या पेशींची वाट बंद केली, तर स्नायू पुन्हा उगवलाच नाही. साफसफाई करणारा आणि बांधणारा एकच आहे, आणि पहिलं काम पुरं केल्याशिवाय त्याला दुसरं सुरू करता येत नाही. शरीरक्रियाशास्त्रातल्या ज्या गोष्टींपुढे मी मनापासून नमतो त्यांतली ही एक.

गड उतरून आलेल्या पायात एवढी मोठी पडझड होत नाही, हे लगेच सांगायला हवं. रोजच्या व्यायामात तंतू मरणं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा विस्कटलेली अंतर्रचना तंतू आतल्या आत नीट करतो. दुखण्याचं आणि इजेचं मापही जुळत नाही. काहींचे पाय फार दुखतात आणि तंतू शाबूत असतात, तर काहींचं उलट. पण दुरुस्तीनंतर जे घडतं ते विलक्षण आहे. तोच गड दोन आठवड्यांनी पुन्हा उतरला तर दुखणं फार कमी होतं, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकतं. काही प्रयोगांत तर सहा महिन्यांनंतरही त्याच्या खुणा दिसल्या. तालमीतला वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी मोजक्याच बैठका घालायला लावतो आणि आठवड्या-आठवड्याने आकडा वाढवतो, त्याच्या त्या शिस्तीत हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे. पहिल्याच दिवशी दोनशे बैठका मारणाऱ्याचं काय होऊ शकतं, हेही माहीत हवं. तंतू मोठ्या संख्येने फुटले की त्यांतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं, लघवी गडद तपकिरी होते आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. लंडनवरच्या बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांमध्ये बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ साली हाच प्रकार वर्णन केला. अतिव्यायामानंतर लघवीचा रंग बदलला तर घरी थांबू नये, तडक रुग्णालय गाठावं.

दाह जर दुरुस्तीचा मुकादम असेल, तर त्याला दाबून टाकण्याची आपली घाई तपासून पाहायला हवी. अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि अवयव उंच ठेवणं ही चतुःसूत्री लोकप्रिय केली. जगभरच्या मैदानांवर ती पाठ झाली. त्याच मर्किन यांनी २०१४ साली लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती दोन्ही बरं होणं लांबवू शकतात. बर्फाने वेदना कमी होते, हे खरं आहे आणि ती गरज खोटी नाही. पण ऑस्ट्रेलियातल्या २०१५ सालच्या अभ्यासात, तीन महिने वजनं उचलल्यावर दर वेळी थंडगार पाण्यात बसणाऱ्या तरुणांचे स्नायू, हलकं सायकलिंग करून थंडावणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. स्टॉकहोममधल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आणखी स्पष्ट आहे. आठ आठवडे व्यायाम करताना रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन घेणाऱ्या तरुणांच्या मांडीचा स्नायू ३.७ टक्के वाढला, तर ॲस्पिरिनचा अल्प डोस घेणाऱ्यांचा ७.५ टक्के. जर्मनीत २००९ साली असंच काहीसं जीवनसत्त्वांच्या गोळ्यांबाबत दिसलं. क आणि ई जीवनसत्त्वांचे मोठे डोस घेणाऱ्यांना व्यायामाने मिळणारा इन्सुलिनचा फायदा मिळालाच नाही. व्यायामात तयार होणारे ऑक्सिजनचे खट्याळ रेणू हाही एक संदेश असतो, आणि गोळ्यांनी तो पुसला गेला होता.

म्हणून वेदनाशामक गोळ्या वाईट, असा सरसकट निष्कर्ष मी काढत नाही आणि कुणी काढू नये. साठीपुढच्या माणसांवर केलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात नेमकं उलट घडलं. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घेत व्यायाम करणाऱ्यांचे स्नायू न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले. म्हाताऱ्या स्नायूत आधीच मंद दाह पेटलेला असतो. तिथे तो थोडा शमवणं कामी येत असावं, असं मला वाटतं. सांधा सुजलेल्या, संधिवाताने गांजलेल्या माणसाला गोळी घेतल्यावरच चालता येत असेल, तर चालणं महत्त्वाचं. माझा आक्षेप आहे तो कोवळ्या खेळाडूंच्या खिशातल्या पाकिटाला. सामन्याआधी एक, नंतर एक, रात्री झोपताना एक, आणि विचारलं तर ‘अंग आंबलंय’ एवढंच उत्तर. आपल्या घरांतल्या आंबेहळदीच्या लेपाबद्दल आणि शेकाबद्दल पुढे वेगळं प्रकरण आहे. इथे एकच गोष्ट नोंदवतो. मांडीवर ताजा मुका मार असताना पहिले दोन-तीन दिवस जोरकस मालीश आणि शेक टाळावा. आतला रक्तस्राव वाढतो, आणि अशा जागी स्नायूत चक्क हाड तयार होण्याचा धोका असतो.

इजेवर मी इतका वेळ थांबलो म्हणून कुणाला वाटेल की स्नायू घडण्यासाठी तो आधी मोडावाच लागतो. तसं नाही. ब्राझीलमधल्या २०१६ सालच्या दहा आठवड्यांच्या अभ्यासात दिसलं की सुरुवातीच्या दिवसांत तयार होणारी नवी प्रथिनं मुख्यतः डागडुजीत खर्ची पडतात. इजा ओसरल्यावरच त्यांचा उपयोग स्नायू वाढण्यासाठी होतो. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद बरीचशी मज्जासंस्थेची कमाई असते. दंडाची बेटकुळी तेवढीच राहते, पण मेंदू तिच्यातले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. तग धरण्याच्या व्यायामाची कथा तर निराळीच. सेंट लुईसमध्ये जॉन होलोझी यांनी १९६७ साली उंदीर कित्येक आठवडे पट्ट्यावर पळवले आणि त्यांच्या पायांच्या स्नायूंची इंधन जाळण्याची क्षमता दुप्पट झालेली आढळली. तंतूंमधले मायटोकाँड्रिया वाढले होते, आणि त्यासाठी तंतू जाड होण्याची गरज पडली नव्हती. त्याआधी वर्षभर, स्टॉकहोममध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन हे दोन डॉक्टर एका सायकलच्या दोन बाजूंना बसले. एकाने उजव्या पायाने पेडल मारलं, दुसऱ्याने डाव्या. नंतर तीन दिवस दोघांनी भरपूर पिष्टमय अन्न खाल्लं, आणि एकमेकांच्या मांडीतले कण तपासले. राबलेल्या पायात ग्लायकोजनचा साठा विश्रांती घेतलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट झाला होता. रक्त तेच, जेवण तेच, संप्रेरकं तीच. फरक एवढाच की एका पायाने काम केलं होतं. स्नायू आपल्या गरजेचा निर्णय स्वतःच, जागच्या जागी घेतो, हे या प्रयोगाइतकं स्वच्छ दुसऱ्या कशानेच कळत नाही.

स्नायू आपल्यापुरता निर्णय घेऊन थांबत नाही, तो इतर अवयवांशी बोलतो, हे मात्र गेल्या पंचवीस वर्षांत समजलं. कोपनहेगनच्या बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांच्या गटाने दाखवलं की आखडणारा स्नायू इंटरल्यूकिन-६ हे द्रव्य रक्तात सोडतो. लांब पल्ल्याच्या धावेत त्याची पातळी शंभरपटीपर्यंत चढते. हेच द्रव्य स्थूलपणात आणि दीर्घ आजारांत सतत थोडं वाढलेलं असतं आणि तिथे ते दाहाचं लक्षण मानलं जातं. व्यायामात ते तासा-दोन तासांसाठी उसळतं आणि खाली येतं, आणि त्या उसळीमागून दाह शमवणारी द्रव्यं वाढतात. एकच रेणू, पण उसळून ओसरला तर औषध, सतत झिरपत राहिला तर दुखणं.

झिरपत राहणाऱ्या दाहाचं सर्वांत क्रूर रूप ड्यूशेन स्नायुविकारात दिसतं. डिस्ट्रॉफिन हे प्रथिन नसल्याने मुलाच्या स्नायूचं आवरण साध्या हालचालीनेही फाटत राहतं. दुरुस्ती पुरी होण्याआधी नवी इजा, तिच्यावर नवा दाह. साफ करणाऱ्या आणि बांधणाऱ्या पेशी एकाच जागी एकाच वेळी काम करू लागतात, त्यांचे संदेश एकमेकांत मिसळतात, आणि शेवटी स्नायूच्या जागी चरबी आणि कडक तंतुमय ऊती येते. या मुलांना स्टिरॉइड देतात आणि त्याने चालण्याची काही वर्षं वाढतात. जिथे दाह दाबणं हाच उपाय आहे, अशी ही जागा. अतिदक्षता विभागात वेगळीच गत होते. गंभीर आजारात दाह साऱ्या शरीरात पसरलेला आणि स्नायू निपचित. ब्रिटनमधल्या २०१३ सालच्या अभ्यासात अशा रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचा छेद दहा दिवसांत १७ टक्क्यांहून जास्त घटला होता. माणूस आजारातून वाचतो, घरी येतो, आणि स्वतःच्या पायांवर उभा राहू शकत नाही. घरच्यांना वाटतं, अशक्तपणा आहे, फळांचा रस द्यावा.

आपल्याकडे स्नायू कमी असण्याचा प्रश्न जन्मापासूनच उभा असतो, आणि तो जगाला दाखवला तो पुण्याने. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचं ३.५ किलो. पण ती साऱ्या बाजूंनी सारखी लहान नव्हती. त्यांचे स्नायू फार कमी होते आणि त्वचेखालची चरबी मात्र जवळपास टिकून होती. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक यांनी स्वतःचं आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारीशेजारी छापलं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, निर्देशांक २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मुख्यतः स्नायू उचलतात. ज्याच्याकडे स्नायूच कमी, त्याची साखर जाणार कुठे? बारीक दिसणाऱ्या, कधीच लठ्ठ नसलेल्या मराठी माणसाला चाळिशीत मधुमेह का गाठतो, याच्या उत्तराचा मोठा भाग या दोन आकड्यांत आहे. आणि तरीही आपल्याकडे मधुमेहाचा सल्ला म्हणजे भात बंद, बटाटा बंद. मांड्यांना काम द्या, असं किती जणांना सांगितलं जातं?

वयाबरोबर हे आणखी बिघडतं. ज्येष्ठांना दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं तेव्हा त्यांच्या पायांतून जवळपास एक किलो स्नायू गेले, आणि ती माणसं निरोगी होती. आपल्या घरांत वयस्कर माणसाला प्रेमाने जे दिलं जातं ते नेमकं हेच आहे. आई, तू बसून राहा. आजोबा, पिशवी द्या इकडे. आजी, जिना नको, आम्ही खाली आणून देतो. त्याच आजी आषाढी एकादशीसाठी आळंदीहून पंढरपूरला पायी निघाल्या तर कुणी अडवत नाही, कारण ती वारी असते. उरलेले अकरा महिने त्यांना खुर्चीत बसवणारी माया मला खरोखर अस्वस्थ करते. हे पुस्तक लिहायला घेतलं त्यामागे हे कारण सर्वांत मोठं होतं.

म्हाताऱ्या स्नायूत सॅटेलाइट पेशी कमी असतात, त्या उशिरा जाग्या होतात, मॅक्रोफेजचा स्वभाव पालटायला वेळ लागतो, प्रथिनं खाऊनही तंतूंना त्यांचा संदेश अर्धाच ऐकू येतो. हे सगळं खरं आहे आणि पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. पण तो स्नायू बहिरा झालेला नसतो. बॉस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातली नव्वदीच्या आसपासची दहा माणसं निवडली. कुणी काठी घेऊन चालत होतं, बहुतेकांना एकाहून जास्त आजार होते. आठ आठवडे त्यांच्याकडून मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम करून घेतला, तोही नावापुरता नव्हे, त्यांना पेलेल तेवढं जड वजन लावून. अभ्यास पुरा करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, मांडीतला स्नायू ९ टक्के वाढला, आणि दोघांनी चालताना काठी सोडून दिली. ‘जामा’मध्ये १९९० साली छापून आलेल्या त्या शोधनिबंधात आणखी एक आकडा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत त्यांच्या ताकदीतला ३२ टक्के भाग निघून गेला.